रिपोर्ट बरोबर आहे, पण माणूस? पेशंट मॅचिंग म्हणजे काय, सोप्या भाषेत

सध्या सोलापुरात कुठल्याही मोठ्या दवाखान्यात केसपेपर काढायला गेलं की खिडकीतून पहिला प्रश्न येतो, "आभा आहे का?" आभा म्हणजे सरकारने काढलेला आरोग्याचा ओळख नंबर. परवा रांगेत माझ्या पुढे एक मावशी होत्या, त्यांनी पिशवीतून आधार, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड, विडी कामगारांचं कार्ड असं सगळं काढून खिडकीवर मांडलं आणि म्हणाल्या, "ह्यातलं कुठलं पाहिजे ते तूच घे बाबा." लोक वैतागतात ते मला कळतं, दर दोन वर्षांनी एक नवीन कार्ड येतं. पण ह्या कार्डामागचा प्रश्न खरा आहे आणि तो आपल्या जिवाशी आहे. मशीनमधून निघालेला तुमचा रिपोर्ट तुमच्याच फाइलमध्ये गेला, हे कशावरून?

मी गेली बारा वर्षं लॅब आणि दवाखान्यांच्या कॉम्प्युटर सिस्टिमचं काम करतोय. पण हा प्रश्न मला कामातून नाही, घरातून कळला. माझी आत्या विडी घरकुलला, म्हणजे इथल्या विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, नाव लक्ष्मी. चार वर्षांपूर्वी साधी शुगर-किडनीची तपासणी करून घेतली, संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला, क्रिएटिनिन ४.२. किडनी नीट चालते का ते सांगणारी ही तपासणी, आणि बायकांमध्ये ती साधारण १ च्या आसपास किंवा खालीच असते. आतेभाऊ पुण्याला कामाला, तो रात्रीच निघाला. घरात कुणी जेवलं नाही, डायलिसिसला किती खर्च येतो, कुठली योजना लागते ह्याची चर्चा पहाटेपर्यंत. सकाळी डॉक्टरांनी आत्याकडे बघितलं, पाय बघितले, दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाले हा रिपोर्ट ह्यांचा वाटत नाही, परत रक्त द्या. ०.९ आलं.

आम्ही सुटलो. पण त्याच सकाळी त्याच लॅबमध्ये अजून एका लक्ष्मीबाईंनी रक्त दिलं होतं, वय जवळपास तेच, आणि त्या आमच्या आत्याचा नॉर्मल रिपोर्ट घेऊन निश्चिंत मनाने घरी गेल्या होत्या. त्यांना शोधून बोलवायला दुसरा दिवस संध्याकाळपर्यंत गेला. ४.२ त्यांचं होतं. आमची एक रात्र गेली ते मी विसरलो, त्यांच्या हातातला तो नॉर्मलचा कागद अजून डोक्यातून जात नाही.

धोब्याची खूण

पूर्वी धोबी कपडे न्यायला यायचा तेव्हा प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला न जाणाऱ्या काळ्या शाईने एक बारीक खूण करायचा. पंचवीस घरचे पांढरे शर्ट एकाच हौदात पडणार, मग कुठला कुणाचा हे तो शर्टाकडे बघून सांगूच शकत नव्हता, खूण बघून सांगायचा. दवाखान्यात तुम्ही पहिल्यांदा गेलात की तुम्हाला एक नंबर देतात, केसपेपरवर वर कोपऱ्यात यूएचआयडी किंवा एमआर नंबर असं लिहिलेलं असतं, ती तुमची खूण. त्या दवाखान्यात पुढे जे काही होईल, सोनोग्राफी, रक्त, औषधं, ऑपरेशन, सगळं त्या नंबरखाली जमा व्हायला पाहिजे.

अडचण दोन ठिकाणी येते. एक, तुम्ही सहा महिन्यांनी परत जाता, जुना कागद सापडत नाही, खिडकीवरचा मुलगा म्हणतो नवीन काढू, आणि तुम्हाला दुसरी खूण लागते. दोन, तुम्ही रक्त एका लॅबला दिलं, एमआरआय दुसरीकडे, दाखवलं तिसरीकडे, प्रत्येक धोब्याची खूण वेगळी, ह्याची त्याला कळत नाही. आता ह्या सगळीकडून येणारी माहिती एका माणसाच्या एका फाइलमध्ये बरोबर नेऊन बसवायची, ह्या कामाला म्हणतात पेशंट मॅचिंग. एवढा एकच शब्द लक्षात ठेवा.

मशीनला तुमचं नाव माहीतच नसतं

लोकांना वाटतं मशीन चुकलं. मशीन सहसा चुकत नाही, ते आधी समजून घ्या. सकाळी आठला तुम्ही उपाशीपोटी लॅबमध्ये जाता, खिडकीवर नाव, वय, बाई की माणूस एवढं टाइप होतं, पैसे भरता आणि शेजारच्या छोट्या प्रिंटरमधून बारकोडचे तीन-चार स्टिकर निघतात. ते ट्यूबवर लागतात, जांभळ्या टोपणाची सीबीसीला म्हणजे रक्तपेशी मोजायला, राखाडी शुगरला, पिवळी किंवा लाल किडनी-लिव्हरला. ट्यूब मशीनमध्ये गेली की मशीन लाल उजेडाने बारकोड वाचतं आणि कॉम्प्युटरला विचारतं, ह्या नंबरवर काय काय करायचंय? कॉम्प्युटर सांगतो क्रिएटिनिन आणि युरिया. मशीन तेवढं करतं, आकडा त्या नंबरवर परत पाठवतं, आणि लॅबचा कॉम्प्युटर तो आकडा नंबरसमोर जे नाव असेल त्याच्या रिपोर्टात टाकतो.

म्हणजे ह्या सगळ्या प्रवासात मशीनला लक्ष्मी कोण हे कधीच कळत नाही. स्टिकर एकाचा आणि ट्यूबमधलं रक्त दुसऱ्याचं झालं तर पुढचं सगळं बिनचूक होतं आणि शेवटी उत्तर चुकीच्या माणसाला मिळतं, आणि कुठेही लाल दिवा लागत नाही. आत्याच्या वेळी नेमकं हेच झालं होतं, गर्दी होती म्हणून आधीच स्टिकर लावून ट्यूब स्टँडमध्ये ओळीने ठेवल्या होत्या आणि हाक मारली "लक्ष्मी", दोघी उठल्या, जी पहिली पोचली तिचं रक्त पहिल्या ट्यूबमध्ये गेलं.

दुसरी एक बारीक गोष्ट सांगतो जी बाहेरच्याला दिसत नाही. स्टिकर ट्यूबवर उभा, सरळ लागायला पाहिजे. थोडा तिरका लागला किंवा कडेने गुंडाळला गेला की मशीन वाचू शकत नाही, मग टेक्निशियन तो नंबर डोळ्याने वाचून हाताने टाइप करतो. दिवसात असे पाच-दहा तरी होतात. आणि हाताने टाइप केलेल्या नंबरात एखादा ३ चा ८ झाला तर तो दुसऱ्याच माणसाचा नंबर असू शकतो. म्हणून चांगल्या नंबरांमध्ये शेवटचा अंक हा आधीच्या अंकांवरून गणित करून काढलेला असतो, एक अंक चुकला की गणित जुळत नाही आणि कॉम्प्युटर घेतच नाही. आधारच्या १२ अंकांमधला शेवटचा असाच आहे, इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेच्या १० अंकी नंबरमधलाही. आपल्याकडच्या बऱ्याच दवाखान्यांचे स्वतःचे नंबर मात्र नुसते १, २, ३ असे चढत गेलेले, एक अंक चुकला की शेजारच्याच्या घरात शिरलात.

लॅब आणि दवाखाना वेगळे असतील तर अजून एक पायरी वाढते. दोन सिस्टिम एकमेकांशी बोलायला एक ठरलेली पद्धत वापरतात, तिचं नाव एचएल-सेव्हन, १९८७ पासून ती जगभर बनत आणि सुधारत आलीय. रिपोर्ट पाठवताना त्यात पेशंटची एक ओळ असते, तिच्यात नंबर, नाव, जन्मतारीख, लिंग. पण नंबर लॅबचा असतो, दवाखान्याला तो ओळखीचा नाही. मग राहिलं काय, नाव आणि जन्मतारीख.

नाव आणि जन्मतारीख बास की, अजून काय पाहिजे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि हे बास का होत नाही ते समजायला सोलापूरसारखं गाव नाही.

आधी नाव घ्या. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि उर्दू. तेलुगू घरात घराण्याचं नाव आधी लिहायची पद्धत, मग माणसाचं. फॉर्मवर पहिला रकाना नावाचा, शेवटचा आडनावाचा, मग आजीच्या पासबुकात जे पहिलं लिहिलंय ते पहिल्या रकान्यात जातं आणि आजीचं आडनाव होतं लक्ष्मीबाई. पुढच्या वेळी कुणी सुधारून उलट लिहितं, झाल्या दोन आज्या. लता हे नाव मराठी घरात इंग्रजीत एल ए टी ए लिहितात, आमच्याकडे आणि कन्नड घरात त ला टी-एच लावायची सवय, एल ए टी एच ए. ज्योतीचं तेच, सरस्वतीचं तेच. बहुतेक सॉफ्टवेअर नाव इंग्रजीत साठवतं, त्यामुळे बोलायला एक असलेलं नाव लिहिताना तीन होतं. ज्ञानेश्वर घ्या, कुणी डी एन वाय ने सुरू करतं, कुणी जी वाय ने, कुणी जे एन ने.

मग लग्न. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि कितीतरी घरात तांदळात सोन्याच्या अंगठीने नवीन नाव लिहून मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. म्हणजे तीनच्या तीन शब्द बदलले, माणूस तोच. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे तिथल्या दवाखान्यात माहेरचं नाव, दुसरं सासरच्या नावाने. पहिल्या वेळी सीझर झालं होतं, रक्त किती गेलं, कुठलं इंजेक्शन सोसलं नाही, हे सगळं अशा नावाखाली पडलंय जे ती बाई आता वापरतच नाही.

आता जन्मतारीख. हिशोब करून बघा. समजा दवाखान्याच्या यादीत १ लाख पेशंट आहेत आणि वयं ० ते ८० मध्ये पसरलेली आहेत. ८० वर्षांत दिवस साधारण २९,२०० होतात. म्हणजे सगळं एकसारखं वाटलं गेलं तरी एका जन्मतारखेला सरासरी तीन-चार माणसं येतात. पण एकसारखं वाटलं जातच नाही, कारण १ जून. आपल्या आईवडिलांच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी जून महिना धरून १ जून ही जन्मतारीख टाकली, गावंच्या गावं १ जूनला जन्मलेली आहेत. ज्यांना शाळाच नाही त्यांचं आधारवर नुसतं साल किंवा १ जानेवारी. माझे वडील आणि त्यांचे दोन्ही भाऊ तिघेही कागदावर १ जूनचे. लॅबमध्ये तर जन्मतारीख विचारतच नाहीत, वय विचारतात, आणि वय पेशंट अंदाजाने सांगतो, पंचावन्न लिहा, गेल्या वर्षीही पंचावन्नच.

मोबाईल नंबर? घरात एक नंबर, तो मुलाचा. आई, वडील, बायको, दोन पोरं, सगळ्यांच्या केसपेपरवर तोच. आणि मुलाने सिम बदललं की सगळेच एकदम परके. जुळी मुलं असली तर अजून बिकट, तारीख एक, पत्ता एक, मोबाईल एक, आडनाव एक, नावं राम आणि श्याम. बाळ जन्मल्यावर तर नावही नसतं, नुसतं आईच्या नावापुढे बेबी.

आणि हैदराबाद किंवा विजापूर रोडला ॲक्सिडेंट होतो, बेशुद्ध माणूस आणतात, खिशात काही नाही. त्याला अनोळखी पुरुष म्हणून नंबर देऊन उपचार सुरू करावेच लागतात, नाव दोन दिवसांनी कळतं. तोपर्यंतचं रक्त, सिटी स्कॅन, सगळं त्या तात्पुरत्या नंबरवर, ते नंतर आठवणीने खऱ्या फाइलला जोडावं लागतं.

मग कॉम्प्युटर ठरवतो कसं?

सोपी पद्धत म्हणजे सगळं तंतोतंत जुळलं तरच जोडायचं. ह्यात चुकीची जोडणी कमी होते पण लता आणि टी-एच वाली लता कायम वेगळ्या राहतात.

दुसरी पद्धत गुणांची. ही जुनी आहे बरं का, १९५९ मध्ये कॅनडात हॉवर्ड न्यूकोम्ब ह्यांनी जन्म आणि लग्नाच्या नोंदी कॉम्प्युटरवर जुळवून दाखवल्या आणि १९६९ मध्ये इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर ह्या दोघांनी त्याचं गणित पक्कं मांडलं, आजही बरीच सॉफ्टवेअर तेच वापरतात. कल्पना अशी की दोन नोंदी समोर ठेवायच्या आणि एकेक गोष्ट तपासायची, जुळली तर गुण द्यायचे, नाही जुळली तर कापायचे. पण किती गुण द्यायचे? जी गोष्ट योगायोगाने जुळणं अवघड, तिला जास्त. लिंग जुळलं तर काय विशेष, दोनातल्या एका वेळी ते असंच जुळतं. जन्माचा महिना बारातून एकदा. पूर्ण तारीख जुळली तर बरेच गुण.

आणि इथे सोलापूरचा मुद्दा येतो. सिद्धाराम, सिद्धेश्वर, मल्लिनाथ ही नावं आपल्या ग्रामदैवतामुळे इथे घरोघरी. सोलापूरच्या यादीत दोन नोंदींवर सिद्धाराम जुळलं तर त्याला थोडेच गुण द्यायला पाहिजेत, कारण असे शेकडो निघतील. तेच नाव रत्नागिरीच्या यादीत दोनदा दिसलं तर तो बहुतेक एकच माणूस. १ जूनचंही तसंच, १७ ऑगस्ट जुळली तर पूर्ण गुण, १ जून जुळली तर जवळपास काहीच नाही. बाहेरच्या देशात बनवलेलं सॉफ्टवेअर जसंच्या तसं आणून बसवलं की त्याला हे माहीत नसतं. स्पेलिंगचंही तेच. साउंडेक्स नावाची एक पद्धत आहे, १९१८ साली अमेरिकेत पेटंट घेतलेली, उच्चारावरून आडनावं एका गटात टाकते. ती एच सोडून देते म्हणून लताच्या दोन्ही स्पेलिंगला एकाच गटात धरते, छान. पण पहिलं अक्षर ती आहे तसं ठेवते, त्यामुळे व्ही ने लिहिलेला वाघमारे आणि डब्ल्यू ने लिहिलेला वाघमारे तिला वेगळे वाटतात, आणि तीन ज्ञानेश्वर तीन दिशांना जातात. आपल्या नावांसाठी आपल्याच सवयींची यादी बनवून द्यावी लागते, आणि ते काम इथल्याच माणसाला जमतं.

गुणांची बेरीज झाली की तीन ढीग होतात. खूप गुण, तर एकच माणूस. फार कमी, तर वेगळे. आणि मधले, ज्यांच्याबद्दल खात्री नाही, ते माणसाने बघायचे. ह्या मधल्या ढिगाबद्दलच मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

एकाच्या दोन फाइली की दोघांची एक फाइल?

चूक दोन प्रकारची होते. एका माणसाच्या दोन फाइली बनतात, किंवा दोन माणसांची माहिती एका फाइलमध्ये मिसळते. दोन्ही वाईट, पण सारख्या वाईट नाहीत.

दोन फाइली असल्या तर डॉक्टरला अर्धीच माहिती दिसते. पेनिसिलिनची ॲलर्जी जुन्या फाइलमध्ये राहिली तर धोका आहेच, तपासण्या परत कराव्या लागतात, पैसे जातात. पण निदान समोरची फाइल रिकामी दिसते, आणि रिकामी फाइल बघून डॉक्टर विचारतो, आधी काही त्रास होता का, कुठलं औषध सोसत नाही का. मिसळलेली फाइल भरलेली दिसते. तिच्यात रक्तगट असतो, औषधं असतात, रिपोर्ट असतात, फक्त काही तुमचे असतात आणि काही दुसऱ्याचे, आणि कुठले कुणाचे हे बघून सांगता येत नाही. डॉक्टर मग विचारत नाही कारण विचारायची गरज वाटत नाही. आणि एकदा मिसळलं की वेगळं करणं म्हणजे शेंगाचटणीतून तिखट वेगळं काढण्यासारखं आहे, एकेक नोंद उघडून, सही बघून, जुने कागद मागवून ठरवावं लागतं, मी हे काम केलंय, एका फाइलला पूर्ण दुपार गेली.

म्हणून माझं मत पक्कं आहे. शंका असेल तर जोडू नका, बाजूला ठेवा. मधल्या ढिगातला रिपोर्ट अर्धा तास उशिरा गेला तरी चालेल, माणसाने फोन करून विचारलेलं बरं. पण होतं काय, तो ढीग रोज साठतो, बघायला माणूस नेमलेला नसतो, आणि मग कुणीतरी वैतागून सेटिंगमध्ये गुणांची मर्यादा खाली आणतं म्हणजे सगळं आपोआप जुळायला लागतं आणि यादी एकदम रिकामी दिसते. ती रिकामी यादी बघितली की मला धडकी भरते.

आधार आहे, आभा आहे, मग अडलंय कुठे?

आधी एक गोंधळ मिटवू. आयुष्मान कार्ड आणि आभा ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. आयुष्मान कार्ड म्हणजे २०१८ ला सुरू झालेली उपचारांची योजना, पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. आभा म्हणजे फक्त १४ अंकी ओळख नंबर, त्यावर पैसे मिळत नाहीत. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा तो भाग आहे, देशभर सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालं. धोब्याच्या भाषेत सांगायचं तर शर्ट शिवतानाच कॉलरला आत शिवलेली अशी खूण, जी सगळ्या धोब्यांना वाचता येईल. चांगली कल्पना आहे आणि मी घरातल्या सगळ्यांची काढलीय. खिडकीवरचा क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन केला की नाव, वय, पत्ता आपोआप भरतो, टाइपिंगची चूकच होत नाही, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

पण आभा काढलं की मॅचिंग संपलं असं नाही. तुमची दहा वर्षांची जुनी फाइल आभाच्या आधीची आहे. ॲपमधून तुम्ही म्हणता ह्या दवाखान्यातले माझे जुने रिपोर्ट जोडा, तेव्हा ॲप दवाखान्याच्या कॉम्प्युटरला काय पाठवतं? तुमचं नाव, लिंग, जन्मसाल, मोबाईल नंबर, आणि तुम्हाला माहीत असेल तर जुना केसपेपर नंबर. त्यावरून दवाखान्याचं सॉफ्टवेअर तुम्हाला शोधतं. म्हणजे परत तीच लता, तोच मुलाचा मोबाईल, तेच साल. शिवाय आभा ऐच्छिक आहे, नाही म्हटलं तरी उपचार मिळायलाच पाहिजेत, आणि बेशुद्ध माणूस नंबर सांगू शकत नाही. आणि रक्ताच्या ट्यूबवर आभा नसतं, स्टिकरच असतो.

बाहेरही हे सरळ नाही. अमेरिकेने १९९६ च्या कायद्यात प्रत्येक पेशंटला एक नंबर द्यायचं ठरवलं आणि दोनच वर्षांत तिथल्या संसदेने त्यावर सरकारी पैसे खर्च करायला बंदी घातली, लोकांना भीती वाटली की सगळी आरोग्याची माहिती एका नंबरला बांधली तर ती कुणाच्या हाती पडेल. ही भीती आपल्याकडेही लोक बोलून दाखवतात आणि ती खोटी नाही. आभाच्या रचनेत रिपोर्ट ज्या दवाखान्यात बनला तिथेच राहतात, दुसऱ्याला बघायचे असतील तर तुमच्या मोबाईलवर परवानगी मागितली जाते. म्हणूनच मी सांगत असतो, परवानगीची विनंती आली की कुणाला, कशासाठी आणि किती दिवसांसाठी हे वाचून मग होय दाबा, आणि ओटीपी दुसऱ्याला फोनवर सांगू नका.

एआय करेल ना हे सगळं?

मदत करेल. स्पेलिंगच्या सवयी शिकेल, आडनाव-नाव उलटं झालेलं ओळखेल, मधला ढीग लहान करेल. पण दोन लक्ष्मी, दोघी ५५, दोघी विडी घरकुलच्या, दोघी मुलाचाच मोबाईल सांगणाऱ्या, आणि कागदावर आहे ते एवढंच, तर कितीही हुशार सिस्टिम असली तरी कागदावर नसलेली गोष्ट तिला कशी कळणार? ती खिडकीवरच विचारावी लागते.

आपल्या हातात काय आहे

खिडकीवर किंवा रक्त घेताना "तुम्ही लक्ष्मी का?" असं विचारलं तर माणूस हो म्हणतो. घाबरलेला असतो, कमी ऐकू येतं, भाषा नीट कळत नाही, मान हलवतो. म्हणून नियम असा आहे की पेशंटने स्वतः पूर्ण नाव सांगायचं आणि अजून एक गोष्ट, जन्मतारीख किंवा नंबर. जगभरातल्या चांगल्या दवाखान्यांत किमान दोन ओळखी तपासल्याशिवाय रक्त घेत नाहीत की औषध देत नाहीत. तुम्हाला कुणी नाही विचारलं तर आपणहून सांगा, आणि स्टिकर तुमच्या समोर ट्यूबवर लागू द्या, त्यावरचं नाव वाचा. आईवडील वाचू शकत नसतील तर सोबतच्याने वाचावं.

आधारवर जे स्पेलिंग आहे तेच सगळीकडे द्या, चुकीचं वाटलं तरी. लग्न झालेल्या बायकांनी आधीचं नावही सांगावं, दवाखान्यात ते दुसरं नाव म्हणून नोंदवता येतं. नवीन केसपेपर काढण्याआधी "माझा जुना नंबर बघा" म्हणा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा मोबाईल नंबर बदलला तर पुढच्या वेळी गेल्यावर पहिलं ते सांगा.

रिपोर्ट आला की आकडे बघायच्या आधी वरचं नाव, वय, लिंग, रक्त घेतल्याची वेळ बघा. दुसऱ्याचा रिपोर्ट तुमच्याकडे आला असेल तर नुसता डिलीट करू नका, कारण तुमचा कुणाकडे तरी गेलेला असू शकतो, लॅबला लगेच फोन करा. आणि लॅबने "सुधारलं" म्हटलं की थांबू नका. जुना रिपोर्ट रद्द म्हणून दाखवणारी आणि नवीन रिपोर्ट असलेली प्रिंट मागा, कारण चुकीची पीडीएफ तोपर्यंत डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर, विम्यावाल्याकडे, पुण्याच्या मुलाकडे गेलेली असते आणि लॅबमधली दुरुस्ती तिच्या मागे धावत जात नाही, ती आपल्यालाच एकेकाला सांगावी लागते. आपल्या माहितीत चूक असली तर ती दुरुस्त करून मागायचा हक्क २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलेला आहे, हेही खिडकीवर शांतपणे सांगता येतं.

आत्या आता रक्त द्यायला जाते तेव्हा कमरेच्या पिशवीत पानसुपारीसोबत एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा असतो, विडीच्या बंडलच्या खोक्याचा. त्यावर आतेभावाने मोठ्या अक्षरात तिचं पूर्ण नाव, जन्मतारीख, दवाखान्याचा नंबर आणि रक्तगट लिहून दिलाय. परवा मी सोबत होतो. आतून हाक आली "लक्ष्मी", ती उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "कुठली लक्ष्मी ओ? पूर्ण नाव घ्या की."